बसलेले इंजिन

‘अहो, कैनाडात बसून बोटींच्या इंजिनांवर काय लिहिता? तुमच्या गावाला समुद्र तरी आहे का?’ असे एका वाचकाने मला मध्यंतरी विचारले. प्रश्न रास्त आहे. कैनाड डहाणू तालुक्यात असले तरी किनाऱ्यावर नाही. आमच्याकडे भातखाचरे आहेत, ताडाची झाडे आहेत, पाड्यापाड्यांतून विखुरलेली घरे आहेत. लाट मात्र नाही. पण भात झोडून झाले की पाड्यांवरची तरणी मुले कुठे जातात, हे त्या वाचकाला ठाऊक नसावे. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी वसई-विरारला बांधकामावर जातो, आणि पुष्कळसे खलाशी होऊन बोटींवर जातात. काही तर भातकापणीचीही वाट पाहत नाहीत, ऑगस्टमध्येच निघतात. जवळचे डहाणू-झाईला, लांबचे ओखा, पोरबंदर, वेरावळला. डहाणू-तलासरीच्या कितीतरी घरांची चूल गुजरातच्या ट्रॉलरवर पेटते. तेव्हा त्या ट्रॉलरच्या पोटातले इंजिन नीट चालते की नाही, हा प्रश्न कैनाडचाही आहे.

मी स्वतः बोटीवर कधी गेलो नाही. मला बोट लागते! पण डहाणूच्या खाडीवर चाळीस वर्षे इंजिने खोलण्या-बसवण्यात गेली. त्या अनुभवावर एकच वाक्य सांगायचे तर असे सांगेन : इंजिन चालून मरत नाही, ते बसून मरते.

लोकांना हे उलटे वाटते. बैल राबला की थकतो, तसे यंत्रही राबले की झिजते असा आपला समज. झिजते खरे, पण योग्य तेलात, योग्य उष्णतेत, बेताच्या ओझ्याखाली चालणारे डिझेल इंजिन हजारो तास कुरकुर न करता चालते. तेच इंजिन पावसाळ्याचे दोन-अडीच महिने खाऱ्या हवेत तसेच सोडून द्या आणि ऑगस्टमध्ये चावी फिरवा. मग काय होते ते माझ्या भाच्याच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचा ओख्याच्या एका ट्रॉलरवर होता. जानेवारीचा महिना, वारा ईशान्येचा. मध्यरात्री इंजिनातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. बाहेर पडणारे पाणी थांबले होते, म्हणजे समुद्राचे पाणी आत खेचणारा पंपच निकामी झाला होता. त्या पंपात रबराच्या पाकळ्यांची एक चकती असते. तिला इंपेलर म्हणतात. तळहाताएवढी वस्तू. पंप खोलला तर सहा पाकळ्यांपैकी चार गळालेल्या. जादा चकती बोटीवर नव्हती. ‘मागच्याच वर्षी नवी घातली आहे, चालेल अजून,’ असे मालकाने म्हटले होते म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, बोट थांबली तर थांबली. सकाळी कोणीतरी ओढून नेईल. पण ओख्याबाहेरचा समुद्र म्हणजे आपला डहाणूचा समुद्र नव्हे. तेथून पाकिस्तानची हद्द फार लांब नाही. सर खाडीचा वाद मिटलेला नसल्याने त्या हद्दीवर दोन्ही देशांचे एकमतही नाही, आणि समुद्रात कुंपण नसते. रस्त्यात मोटार बंद पडली तर ती निदान जागेवर उभी राहते. बंद पडलेली बोट वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. जीपीएसच्या पडद्यावर आकडे हळूहळू सरकत होते आणि सातही माणसे डोळे लावून बसली होती. बोलत कोणीच नव्हते, असे भाचा सांगतो.

त्यांचे नशीब बरे. वायरलेसवर हाक दिल्यावर ओळखीची एक बोट पहाटे पोहोचली आणि दोर बांधून त्यांना ओढत घेऊन आली. ज्यांच्यापर्यंत अशी बोट पोहोचत नाही, त्यांचे काय होते हे आमच्या तालुक्याला सांगावे लागत नाही. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी भारत आणि पाकिस्तान एकमेकांना आपापल्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या देतात. २००८ च्या करारात तसे ठरले आहे. त्या याद्यांत मच्छीमारांचा आकडा वेगळा असतो. शहरातला माणूस ती बातमी वाचून पान उलटतो. आमच्याकडे कितीतरी घरांत तो आकडा पुन्हा पुन्हा विचारला जातो. नवरा कराचीच्या तुरुंगात आणि बायको इथे दुसऱ्याच्या शेतावर, अशी वर्षेच्या वर्षे निघतात. सगळ्याच बोटी इंजिन बिघडल्याने पलीकडे जातात असे नाही. मासळीच्या मागेही जातात. पण ज्या इंजिनापायी जातात, त्या तरी वाचवणे आपल्या हातचे आहे.

ती चकती का तुटली, ते ऐका. ती चालून तुटली नाही. पंपाच्या घरात काही पाकळ्या नेहमी दुमडलेल्या असतात. इंजिन फिरत असेल तर पाळीपाळीने सगळ्या दुमडतात आणि सरळ होतात. पण पावसाळाभर इंजिन बसले की त्याच पाकळ्या दुमडलेल्या राहतात; रबर तसेच ताठते आणि मुळाशी चिरते. शिवाय पहिल्यांदा इंजिन लावताना पाणी नसेल, तर कोरडी चकती पाहता पाहता जळते. उपाय अगदी सोपा आहे : बोट वर ओढली की चकती काढून ठेवावी आणि हंगामाला नवी घालावी. चकती तुटलीच, तर पाकळ्यांचे तुकडे मोजून काढावेत. एक तुकडा जरी पुढच्या नळ्यांत अडकला, तरी नवी चकती घालूनही इंजिन तापतच राहते.

पावसाळ्याआधीची बाकीची कामेही अशीच स्वस्त आहेत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बहुतेक मालक ऑइल ऑगस्टमध्ये बदलतात. ते मेअखेरीस बदलावे. जळक्या ऑइलात काजळी, पाणी आणि आम्ल असते. ते दोन महिने बेअरिंगांवर बसवून का ठेवायचे? टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवावी. अर्ध्या टाकीतल्या हवेचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर शेवाळासारखी घाण वाढते. हंगामात तीच फिल्टरमध्ये चढते. समुद्राच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुऊन काढावा, नाहीतर आत मीठ बसते. धुराड्याचे तोंड दमट हवा आत जाऊ नये म्हणून चिंधीने बंद करावे, आणि तशीच एक लाल चिंधी चावीला बांधावी. म्हणजे बोळा तसाच ठेवून कोणी इंजिन लावणार नाही. महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवून ठेवावे. आणखी एक : पाण्याच्या मार्गात जस्ताचे ठोकळे असतात. इंजिनाचे धातू खाऱ्या पाण्यात झिजण्याऐवजी ते आधी झिजतात. अर्धे संपले की बदलावेत. काही हौशी मंडळी बोटीच्या तळाच्या जस्तावरही रंग फासतात. रंगवलेले जस्त म्हणजे तोंड बांधलेला राखणीचा कुत्रा!

ही झाली साध्या ट्रॉलरची गोष्ट. वेगवान बोटींना हा नियम दुपटीने लागू आहे. एकच इंजिन कारखाने वेगवेगळ्या अश्वशक्तीला विकतात, हे पुष्कळांना माहीत नसते. दिवसभर चालणाऱ्या मालवाहू बोटीसाठी कमी, आणि वर्षातून थोडेच तास धावणाऱ्या वेगवान बोटीसाठी जास्त. लोखंड तेच, फक्त त्याच्याकडून अधिक काम वसूल केलेले असते. म्हणून वेगवान बोट पूर्ण फेऱ्यांवर तासन् तास दामटू नये. पंख्याला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने वाढते. फेरे दहा टक्के कमी केले तर ओझे सत्तावीस टक्के उतरते. वीस टक्के कमी केले तर ते जवळजवळ निम्मे होते. एवढ्या स्वस्तात इंजिनाचे आयुष्य दुसरीकडे कुठे मिळणार? टर्बो असलेले इंजिन धावून आल्याबरोबर बंद करू नये. दोन-चार मिनिटे हळू चालू द्यावे. नाहीतर तापलेल्या टर्बोतले ऑइल जागच्या जागी जळते.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गस्तीला नेट आला. २००५ साली मंजूर झालेल्या किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांना मिळून २०४ नौका मिळाल्या. पुढे काही राज्यांच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत गस्त कमी पडल्याची आणि नौका बंद राहिल्याची नोंद झाली. मला त्याचे नवल वाटले नाही. महाग इंजिन आणणे सोपे असते. त्याच्यासाठी डिझेल, ड्रायव्हर आणि सुट्या भागांची तरतूद दरवर्षी करत राहणे अवघड. धक्क्याला बांधलेली वेगवान नौका दिसते देखणी, पण आतून रोज थोडी थोडी मरत असते.

इंजिन बोलत नाही, पण धुरातून सांगते. धूर काळा असेल तर ओझे जास्त, किंवा हवा कमी, किंवा नोझल खराब. निळा असेल तर ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल पुरते जळत नाही, किंवा पाणी आत शिरते आहे. धूर ओळखता येणारा माणूस बोटीवर असेल तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे वहीने होते. किती तास चाललो, ऑइल कधी बदलले, चकती कधी घातली, हे तारखेसह लिहिले की ‘मागच्याच वर्षी’ म्हणजे नेमके कधी, याचा वाद उरत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये भाचा निघाला, तेव्हा मी त्याला बिस्किटांचा एक रिकामा डबा भरून दिला. त्यात दोन चकत्या, एक पट्टा, एक डिझेल फिल्टर, चार पाने आणि एक वही. तो हसला. ‘मामा, हे मालकाने द्यायचं असतं,’ म्हणाला. बरोबरच आहे. मालकानेच द्यायला हवे. पण पलीकडच्या तुरुंगात मालक जात नाही, खलाशी जातो. हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. त्याने डबा पिशवीत तळाशी ठेवला आणि वर कपडे घातले.

परवा वाघबारशीला आम्ही वाघदेवाला नारळ दिला, तेव्हा बोट बंदरात आली होती. भाच्याचा फोन आला. त्याच्या आईने विचारले, ‘जेवलास का रे?’ मग फोन माझ्याकडे आला. मी विचारले, ‘पाकळ्या किती?’

‘सहाच्या सहा, मामा,’ तो म्हणाला. ‘काल खोलून बघितल्या. वहीत लिहिलंय.’