पाटी राहिली, वाचणार कोण?

पातूरच्या पाटीची चर्चा आमच्या वाचकांत अजून चालू आहे. अकोला जिल्ह्यातल्या या नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव होते. ते काढावे म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला: मराठीच्या जोडीला उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे. पाटी राहिली.

आम्ही खूश होतो. तेवढ्यात एका पालक भगिनीने विचारले, "बाई, माझ्या मुलांना ती वाचता येईल का?"

मुले घरी उर्दू बोलतात, मराठी शाळेत शिकतात. कुरआन वाचतात, म्हणजे बहुतेक अक्षरे ओळखीची. पण अरबीची नस्ख सरळ ओळीत चालते, जेर-जबर सगळे दिलेले असते. उर्दूची नस्तालीक पायऱ्या उतरल्यासारखी तिरपी येते, आणि जेर-जबर जवळजवळ नसतातच. 'इस' की 'उस', हे अंदाजानेच ओळखायचे. मुले अडतात ती इथे.

आणि मोठ्यांचे काय? आमच्याच एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर उर्दू अक्षरे सुटी सुटी आणि उलट क्रमाने छापून आली. संगणकात उर्दूची सोय नसली की असे होते. तपासायला फ्लेक्स आमच्याकडेच आला होता. घाईत आम्ही फक्त मराठी वाचले.

आता त्या भगिनी रविवारी दोन्ही मुलांना आमच्याकडे पाठवतात. पुस्तक अजून उघडलेले नाही. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या वाचणे चालू आहे.