टक्केवारीला भिऊ नये, जाहिरातीला भुलू नये

बारावीचे निकाल लागले म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावर स्वारगेटपासून कात्रजपर्यंत परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींचे फलक दाटीने दिसू लागतात. अमेरिकेत प्रवेश, नामांकित विद्यापीठ, कर्जाची सोय, व्हिसाचे मार्गदर्शन, सारे काही एका छपराखाली! घाटाच्या पायथ्याचे कात्रज आता पुणे शहराचाच भाग झाले आहे. भारती विद्यापीठाचा मोठा परिसर शेजारीच आहे आणि त्याच्या आसऱ्याने वसतिगृहे व शिकवणीवर्ग वाढले आहेत. आमच्या वस्त्यांतील जी मुले बसने कॉलेजला जातात ती हे फलक रोज वाचतात आणि घरी येऊन आईबापांना विचारतात, “आपल्याला जमेल काय?”

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे ऐकू येतात. एक भित्रे उत्तर असे की, ती श्रीमंतांची आणि हुशारांची विद्यापीठे आहेत, आपण तिकडे पाहू नये. दुसरे भोळे उत्तर असे की, पैसे भरले म्हणजे सारे जमते. सल्लागार सांगतो तेथे सही करावी, गावाकडचा तुकडा विकावा, राहते घर गहाण टाकावे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींची किंमत अखेर त्या मुलालाच मोजावी लागते. आमचे मत असे आहे की, परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेतील निवडक विद्यापीठात मिळणारी संधी केवळ त्याच्या गुणांवर ठरत नाही. पैसा कोण देणार आणि तो केव्हा हाती येणार, यावर ती तितकीच अवलंबून असते. हे समजून घेतल्यावाचून कोणत्या दारावर थाप मारावी हे ठरविता येणार नाही.

हे नीट समजण्यास परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेपेक्षा चांगले उदाहरण नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आज एवढ्या गुणांच्या मुलाला सल्लागार दारातही उभे करणार नाही. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. जून १९१३ मध्ये करारावर सही झाली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ साली ते एम. ए. झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र अशा अनेक विषयांचे वर्ग त्यांनी तेथे पुरे केले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, सही आणि प्रवास यांच्यामध्ये महिनाभराचाच अवधी गेला. पैसा वेळेवर आला म्हणून दार उघडले. दुसरी, तोच पैसा १९१७ साली थांबला तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज जमवून त्यांना १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठावे लागले. एवढा मोठा बुद्धिमान पुरुष, पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच त्याच्याही वाटेत तीन वर्षांचा खंड पडला. मग आमच्या साध्या मुलामुलींची कथा काय!

आता आजची स्थिती पाहू. बारावीनंतर लगेच पदवीसाठी जायचे म्हटले तर दार फार अरुंद आहे. हार्वर्डकडे २०२४ साली सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. हा आकडा सर्वांचा मिळून आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण काही ठिकाणी याहूनही कमी पडते. एमआयटी आपल्या वर्गात परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवते, आणि तेथे परदेशी अर्जदारांपैकी अलीकडच्या वर्षांत शंभरात सुमारे दोघांनाच जागा मिळाली आहे.

परंतु या टक्केवारीहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या विद्यापीठांचा एका वर्षाचा एकूण खर्च आपल्या पैशात पाऊण कोटी रुपयांच्या आसपास जातो. तो कोणाला परवडणार? म्हणून साहाय्य मागावे लागते. आणि साहाय्य मागणाऱ्या परदेशी मुलाकडे विद्यापीठ कोणत्या दृष्टीने पाहते, येथे सारी मेख आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमाउथ यांसारखी बोटांवर मोजण्याइतकी विद्यालये परदेशी अर्जदाराचीही ऐपत न पाहता निवड करतात आणि निवड झाल्यावर गरजेइतके साहाय्य देतात. वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरहून कमी असलेल्या कुटुंबाकडून काहीच घ्यावयाचे नाही, असे हार्वर्डने २०२५–२६ पासून ठरविले आहे. महानगरपालिकेच्या सफाई कामगाराचा मुलगा तेथे निवडला गेला तर पैशावाचून त्याची जागा जाणार नाही.

बहुतेक इतर विद्यापीठे मात्र परदेशी मुलाने साहाय्य मागितले की ती गोष्ट निवडीच्या वेळीच विचारात घेतात. ज्या कोलंबियाने १९५२ साली बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली, त्या कोलंबियातही पदवीच्या वर्गाला अर्ज करणाऱ्या परदेशी मुलाच्या बाबतीत हाच नियम आहे. म्हणजे समान गुणांचे दोन भारतीय अर्जदार असतील तर फी भरू शकणाऱ्याचे पारडे जड होते. “गुण असले की जागा मिळते” असे सांगणाऱ्याने ही गोष्ट लपविलेली असते, किंवा त्याला ती ठाऊकच नसते.

म्हणून बारावीनंतरच्या प्रवेशाविषयी आमचा सल्ला असा की, मुलाची तयारी असेल तर ज्या थोड्या विद्यालयांत ऐपत पाहिली जात नाही तेथे अर्ज जरूर करावा. अर्जाची फी माफ करण्याची सोय तेथे असते, ती मागण्यात कमीपणा मानू नये. पण त्या एका आशेवर येथील प्रवेश सोडू नये आणि कर्ज तर काढूच नये.

याहून रुंद दार पदवीनंतरचे आहे. २०२३–२४ या वर्षी अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीपूर्व शिक्षण घेणारे अवघे ३६ हजार, तर पदव्युत्तर शिक्षण घेणारे १ लाख ९६ हजारांवर होते. याचे कारण उघड आहे. पदव्युत्तर प्रवेशाची निवड विषयाच्या विभागाकडून होते. तेथे विषयाचे ज्ञान, केलेले संशोधन आणि प्राध्यापकांची शिफारस पाहिली जाते. त्यातही पीएच. डी. आणि एम. एस. यांतील भेद पालकांनी समजून घ्यावा. मोठ्या विद्यापीठांत पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ असते आणि अध्यापन वा संशोधनात साहाय्य केल्याबद्दल निर्वाहवेतन मिळते. एम. एस.चा खर्च मात्र बहुधा विद्यार्थ्यालाच करावा लागतो. सल्लागार एम. एस.चीच वाट अधिक दाखवितात, हे लक्षात ठेवावे. २०२५ पासून अमेरिकन सरकारने संशोधनाचा निधी आखडता घेतल्यामुळे काही विद्यापीठांनी पीएच. डी.च्या जागाही कमी केल्या आहेत, हेही सांगणे प्राप्त आहे.

एम. एस.ला जाणाऱ्याने सरकारी शिष्यवृत्तीचा आधार शोधावा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४–५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते आणि तिचा कारभार पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. आपल्या हक्काचे हे कार्यालय कात्रजहून एका बसच्या अंतरावर आहे. तेथे जाऊन त्या वर्षीची जाहिरात, उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांच्या क्रमवारीची अट स्वतः वाचावी. अटी बदलतात, गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

या योजनांच्या मागे आमच्या समाजाचा झगडा आहे, हे नवदीक्षित कुटुंबांनी विसरू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळवून दिला. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या. त्या मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. आजही राज्याच्या आणि केंद्राच्या कामासाठी जातीचे दाखले वेगवेगळ्या नमुन्यांत काढावे लागतात. हे दाखले आणि जातवैधता प्रमाणपत्र मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच हाती असावीत. अर्जाच्या वेळी कचेरीचे उंबरठे झिजविणाऱ्याचे एक वर्ष हकनाक जाते.

परंतु सारा दोष पालकांच्या अज्ञानावर टाकता येणार नाही. सरकारच्या दिरंगाईचा हिशेबही मांडला पाहिजे. अमेरिकेतील अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरावे लागतात, निर्णय मार्च-एप्रिलपर्यंत येतो आणि ऑगस्टअखेर वर्ग सुरू होतात. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दिल्याखेरीज विद्यापीठ आय-ट्वेंटी हे प्रमाणपत्र देत नाही, आणि ते हाती नसेल तर व्हिसाची मुलाखत होत नाही. असे असता केंद्राच्या शिष्यवृत्तीचा निकाल २०२५ साली जुलैत लागला. निवड १०६ जणांची झाली. पण तात्पुरती मंजुरीपत्रे प्रथम ४० जणांनाच मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देऊ, असे सांगण्यात आले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने मे महिन्याच्या अखेरीपासून काही आठवडे व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबविले होते. अशा वेळी जुलैत हाती आलेले पत्रसुद्धा उशिराचेच ठरते. मग ज्याच्या हाती पत्रच नाही त्याने काय करावे?

कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्यास, दगडी नळांतून पुण्याच्या हौदांपर्यंत नेण्यात आले. पाणी शहरात खेळत होते, पण अस्पृश्याला सार्वजनिक हौदावर मज्जाव होता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी पाणी निर्माण केले नाही, अडविलेले पाणी मोकळे केले. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. अंदाजपत्रकात तरतूद असणे निराळे आणि तहानलेल्याच्या ओंजळीत ती वेळेवर पडणे निराळे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. परदेश शिष्यवृत्तीचे निकाल एप्रिलअखेर लागलेच पाहिजेत. निवड झालेल्या प्रत्येकाला त्याच वेळी मंजुरीपत्र मिळाले पाहिजे. आणि निधी नाही म्हणून निवडलेला विद्यार्थी मागे ठेवणे बंद झाले पाहिजे. या मागण्यांसाठी वस्तीवस्तीतील मंडळांनी निवेदने द्यावीत आणि आपल्या आमदार-खासदारांना जाब विचारावा.

समाजानेही आपले काम करावे. वर्गणी केवळ मंडप आणि मिरवणूक यांतच खर्ची पडू नये. परीक्षांची फी हा पहिला अडसर असतो. टोफेल, जीआरई यांसारख्या परीक्षांना प्रत्येकी पंधरा हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात. एका होतकरू मुलीची ही फी एका वस्तीने भरली तर ते खरे अभिवादन होईल. बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ इंग्रजी वाचनासाठी आणि अर्जातील निबंध लिहिण्यासाठी ठेवावी. जे तेथे शिकून आले आहेत त्यांनी तेथे बसून मागून येणाऱ्यांचे अर्ज तपासावेत. वरच्या वर्गातील मुलाला ही मदत घरातच मिळते. आमच्या मुलाला ती समाजाने दिली पाहिजे.

निवड झाली नाही तर तो मुलाचा पराभव मानू नये. शंभरातील शहाण्णव जणांना जेथे नकार मिळतो तेथे नकार ही लाज नव्हे. येथील चांगल्या विद्यापीठातून पदवी घ्यावी, विषय पक्का करावा आणि पुन्हा अर्ज करावा. बाबासाहेबही मुंबईची पदवी हाती आल्यावरच न्यूयॉर्कला गेले होते.