वृद्धांच्या सहवासातून व्यवसायाकडे

तरुण मुलामुलींनी कोणता व्यवसाय निवडावा याची चर्चा बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते : परीक्षेत मिळालेले गुण आणि पुढे मिळू शकणारा पगार. एखादे काम जवळून पाहिले आहे काय, त्या कामात ज्या माणसांशी रोज गाठ पडेल ती माणसे आपलीशी वाटतात काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. खरे तर व्यवसायाची ओढ पुष्कळदा अशा जवळून पाहण्यातूनच निर्माण होते. म्हाताऱ्या माणसांसाठी स्वेच्छेने केलेले काम हे असे जवळून पाहण्याचे एक मोठे साधन आहे. परंतु त्याकडे अद्याप केवळ दयाबुद्धीने केलेले पुण्यकर्म म्हणूनच पाहिले जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोक खेड्यांत राहत होते. तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरांत गेली, कुटुंबे लहान झाली, आणि पूर्वी घरातल्या चार माणसांत वाटली जाणारी देखभाल एकट्या सुनेच्या किंवा एकट्या जोडीदाराच्या अंगावर आली. म्हणजे गरज आहे, आणि ती पुढेही राहणार आहे. या गरजेकडे तरुण पिढी कोणत्या दृष्टीने पाहते यावर लक्षावधी वृद्धांची अखेरची वर्षे अवलंबून आहेत.

वृद्धांच्या घरी आठवड्यातून दोन वेळा जाणारा स्वयंसेवक नेमके काय करतो? वरवर पाहता फारसे काही नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवणे, बँकेत सोबत जाणे, गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणे, नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला मिळवून देणे. हा दाखला २०१४ पासून अंगठ्याच्या ठशावरून संगणकाद्वारेही देता येतो. तथापि ज्यांच्या बोटांच्या रेषा वयोमानाने पुसट झाल्या आहेत त्यांना यंत्र ओळखतच नाही. यंत्रासमोर चार वेळा बोट टेकवून ओशाळलेल्या आजोबांना ज्याने पाहिले, त्याच्या मनात संगणकाच्या शिक्षणाविषयी एक नवाच प्रश्न उभा राहतो. असे यंत्र बनवणाऱ्याने कोणाचा हात डोळ्यांपुढे ठेवला होता?

अशा लहान कामांतून पुष्कळ शिकायला मिळते. वृद्धांशी ओरडून बोलावे असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात वयाबरोबर बहुधा उंच पट्टीतले ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज चढवण्यापेक्षा तो किंचित खाली आणून, समोर बसून, सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला व्रण होतात. न्हाणीघरातला ओला गुळगुळीत दगड, उंबरठ्याशी दुमडलेली सतरंजी आणि रात्री दिवा नसलेला बोळ, यांमुळे म्हातारी माणसे पडतात आणि मोडलेले हाड त्यांना कायमचे परावलंबी करते. हे सारे पुस्तकांत लिहिलेले आहे. परंतु आजीबाई भिंतीला धरून कशा चालतात हे महिनोन्महिने पाहिलेल्या मुलीला ते पाठ करावे लागत नाही. तीच मुलगी पुढे परिचारिका होईल, अंगव्यायामाचे उपचार शिकेल, श्रवणतज्ज्ञ होईल किंवा घरांचे आराखडे काढील. चौथा मार्ग पहिल्या तिघांपेक्षा कमी सेवेचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

या संदर्भात सिसिली साँडर्स यांचे जीवन पाहण्यासारखे आहे. १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकेचे शिक्षण घेतले, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम त्यांना सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या झाल्या. तेथे त्यांना डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडमधून आलेला, कर्करोगाने मरणाच्या दारी पोहोचलेला एक निर्वासित भेटला. १९४८ मध्ये तो वारला आणि त्यांच्या कल्पनेतील सेवागृहासाठी पाचशे पौंड ठेवून गेला. त्यानंतर त्या लंडनमधील सेंट ल्यूक्स या मरणासन्न गरिबांसाठीच्या रुग्णालयात संध्याकाळी विनामूल्य काम करू लागल्या. तेथील सर्वच रुग्ण वयाने वृद्ध होते असे नाही. परंतु वैद्यकाने ज्यांच्याविषयी हात टेकले होते अशी ती माणसे होती.

याच ठिकाणी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. अन्यत्र वेदना असह्य झाल्यावर रुग्ण विनवणी करी आणि मग त्याला औषध मिळे. सेंट ल्यूक्समध्ये वेदना परत येण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी औषध दिले जाई. त्यामुळे रुग्ण शांत असत, शुद्धीवर असत, बोलत असत. हे निरीक्षण कोणा प्राध्यापकाचे नव्हते, एका स्वयंसेविकेचे होते. मात्र ते जगाला पटवायचे तर वैद्यकाची पदवी हवी, असा सल्ला एका शल्यवैद्याने त्यांना दिला. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी नव्याने वैद्यकाच्या अभ्यासाला आरंभ केला, १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे सेवागृह सुरू केले. आज जगभर ज्याला वेदनाशामक शुश्रूषा म्हटले जाते त्या चळवळीचा पाया तेथे घातला गेला. मुंबईत १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झालेले शांती आवेदना सदन हे त्याच विचाराचे भारतातील पहिले सेवागृह होय.

शिक्षणाचे वय उलटले असे मानणाऱ्यांनी त्या तेहतिसाव्या वर्षाकडे जरूर लक्ष द्यावे.

भारतातही उदाहरणे आहेत. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशामक शुश्रूषेचे काम काही डॉक्टरांनी सुरू केले. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की दवाखान्यापर्यंत येऊ शकणारे रुग्ण थोडे आणि घरात पडून असलेले फार. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवण्याची पद्धत रुजली. दुकानदार, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक तीत आले. २००८ मध्ये केरळ सरकारने या शुश्रूषेचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. लोकांनी हाती घेतलेले काम शासनाने आपले मानले, असे आपल्या देशात वारंवार घडत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सेवा करताना पुढच्या व्यवसायाचा विचार मनात आला तर ती सेवा कसली, तो तर सौदा झाला, असे पुष्कळ जण म्हणतात. हा आक्षेप वरकरणी उदात्त वाटतो, पण तो बहुधा ज्यांना पोटाची चिंता नाही अशांच्या तोंडी असतो. आजीच्या उशाशी बसून तिचा हात धरणाऱ्या मुलीने उद्या तेच काम शिकून चार पैसे मिळवले, तर आजीचे त्यात काय बिघडते? उलट दोन रविवार वृद्धाश्रमात फळे वाटून छायाचित्रे काढणे आणि प्रमाणपत्र घेऊन परतणे, हा खरा सौदा होय. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी अपेक्षा असते. हे तास दहा ठिकाणी विखुरण्याऐवजी त्यांतला मोठा भाग दोन-तीन वृद्धांच्या घरी, सलगपणे दिला गेला तर विद्यार्थ्याला माणूस कळेल आणि स्वतःचा कलही कळेल. कदाचित हे काम आपले नव्हे असेही त्याला कळेल. तेही वेळेवर कळलेले बरे.

परंतु प्रेरणेची कितीही प्रशंसा केली तरी एक कटू गोष्ट उरतेच. वृद्धांची देखभाल करणाऱ्या बाईला शहरात सगळे ‘मावशी’ म्हणतात. नाते मोठे जवळचे. परंतु तिचे नाव अनेकांना ठाऊक नसते, आठवड्याची सुटी मिळेलच असे नसते आणि बारा तासांच्या पाळीचा मोबदला घरमालकाच्या मर्जीवर ठरतो. ज्या कामाला समाज प्रतिष्ठा आणि योग्य वेतन देत नाही, त्या कामाची ओढ तरुणाला लागली तरी घरचे लोक ती टिकू देत नाहीत. मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आला. डॉक्टरांसाठी वाट आखली गेली. देखभाल करणाऱ्यांसाठी मात्र अजून पुष्कळ काम बाकी आहे.

शाळा अर्ध्यावर सोडून ज्या मुलीने घरी पक्षाघात झालेल्या आजोबांना तीन वर्षे भरवले, न्हाऊ घातले, त्यांची तुटक बोली समजून घेतली, तिच्या हाती कोणतेही प्रमाणपत्र नसते. कौशल्य विकासाच्या शासकीय योजनांत पूर्वी मिळवलेल्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिचा लाभ गवंडी, सुतार, शिंपी यांना जसा मिळावा तसाच या मुलींनाही मिळाला पाहिजे. त्यासाठी प्रथम घरातल्या शुश्रूषेला कौशल्य म्हणावे लागेल आणि रुग्णालयांनी, वृद्धाश्रमांनी अशा प्रमाणपत्रावर ठरावीक वेतनाची नोकरी द्यावी लागेल.