"आधी आपलं घर बघा" म्हणणाऱ्या मित्राला



निपाणीत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स काढण्याबरोबर आणखी एक काम दिवसातून चार-पाच वेळा करावं लागतं आणि त्याचे पैसे मी घेत नाही. लोक कन्नडमधला सरकारी कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "बाळा, काय लिवलंय यात, बघ की जरा."

गेल्या पावसाळ्यात जवळच्या खेड्यातली एक आजी अशीच आली. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. मला कन्नड वाचता येतं, पण सरकारी कन्नड म्हणजे डोक्याला ताप. नशिबानं माझा एक कन्नड मित्र दुकानात बसला होता, शाळेत मास्तर आहे. त्यानं कागद वाचला आणि मोडक्यातोडक्या मराठीत आजीला समजावून सांगितलं. विधवा पेन्शन चालू ठेवायची तर पंधरा दिवसांत काही दाखले आणून द्यायचे होते. ते पंधरा दिवस संपून नऊ दिवस झाले होते. एवढे दिवस तो कागद आजीनं देव्हाऱ्यात ठेवला होता. सरकारचा कागद, म्हणून जपून.

आजी गेली आणि मी सरकारच्या नावानं दोन शिव्या हासडल्या. मित्र शांतपणे म्हणाला, "अण्णा, आमच्या सरकारला बोलताय खरं, पण तुमच्या महाराष्ट्रात मराठी शाळांची काय गत झालीय? आधी तिथलं बघा की."

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आज ते लिहायचा प्रयत्न करतोय.

पहिली गोष्ट, "आमचं सरकार" या शब्दांची. मी मतदान निपाणीत करतो. घरपट्टी इथं भरतो, रेशनकार्ड इथलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून बेंगळुरूचं सरकार माझ्या घरावर कर लावतंय. काळ्या दिनाला दंडावर काळी फीत बांधून फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे म्हणायला जड जातं, पण कागदोपत्री ते माझंही सरकार आहे. असं म्हटल्यानं सीमाप्रश्न सोडला असं होत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत आजीची पेन्शन बेंगळुरूच देणार, तर जाबही बेंगळुरूलाच विचारणार. याला परक्या सरकारवरची टीका म्हणता येत नाही.

उलट त्या हिशेबानं मला परकं आहे ते मुंबईचं सरकार! तिथं मला मत नाही. मग महाराष्ट्रातल्या शाळांचा जाब आधी मी विचारावा, ही अटच मुळात उफराटी आहे. ती पुरी होईपर्यंत आजीनं कागद देव्हाऱ्यातच ठेवायचा काय?

"आधी तुमचं बघा" हे उत्तर काही आजचं नाही. १९४६ साली भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचं म्हणणं होतं की हा आमचा घरचा मामला आहे, आणि जातिभेद पाळणाऱ्या भारतानं आम्हाला शिकवू नये. जातिभेदाची गोष्ट खोटी नव्हती. त्या वर्षी आपल्या गावागावांत अस्पृश्यता होतीच. पण म्हणून डर्बनमधल्या भारतीय माणसावर जमीन घ्यायला घातलेली बंदी न्यायाची ठरत होती काय? आमसभेत भारताचा ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. आणि अस्पृश्यतेचा प्रश्नही त्यामुळे मागे पडला नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेत १७ वं कलम आलं. दोन्ही कामं एकाच काळात चालली होती. एक पुरं झाल्यावर दुसरं, असं कुणी थांबलं नव्हतं.

लांब कशाला, कर्नाटकाचंच बघा. केरळातल्या कासरगोडच्या कन्नड भाषिकांसाठी बेंगळुरूहून आवाज उठतो. तो उठायलाच पाहिजे. आधी बेळगावच्या मराठी माणसाचं बघा मग कासरगोडचं बोला, असं मी म्हणणार नाही. कासरगोडच्या पोराला कन्नड शाळा मिळायला आमच्या इथला निकाल लागायची वाट कशाला?

इथवर मी मित्राला उत्तर दिलं. पण त्याच्या प्रश्नात एक काटा होता, तो मला टोचतच राहिला. त्याचंही सांगतो.

माझी आत्या जत भागात दिलीय. आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, १९६७ च्या महाजन अहवालात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं होतं, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं होतं, आणि जत, अक्कलकोटकडचा भाग म्हैसूरला द्यावा असं होतं. कारण तिकडं कन्नड बोलणारी गावं आहेत. दिवाळीनंतर आत्याकडं गेलो होतो. शेजारचे एक म्हातारे तात्या हातात कागद घेऊन आले. पीक नुकसानीच्या मदतीचा अर्ज होता, सगळा मराठीत. त्यांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. आत्याच्या पोरानं त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, कुठं सही करायची ते दाखवलं. मी तिथंच बसून चहा पीत होतो. खरं सांगतो, चहा घशाखाली उतरेना. आमची आजी आणि हे तात्या, यांच्यात फरक तो काय? फक्त सरकारं वेगळी.

परत आल्यावर हे मी आपल्याच काही कार्यकर्त्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, "हे कुठं लिहू नको. त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल." दुसरा गद्दार म्हणाला. म्हणजे मित्र म्हणतो कर्नाटकाला बोलू नको आणि आपली माणसं म्हणतात महाराष्ट्राला बोलू नको. दोघांचं ऐकलं तर माझ्या वाट्याला नुसतं झेरॉक्स काढणं राहिलं.

मला वाटतं इथं दोन गोष्टींची गल्लत होते. बोलायचा हक्क ही एक गोष्ट आणि बोलण्याला पत असणं ही दुसरी. हक्क सगळ्यांना आहे, त्याला घर स्वच्छ असल्याचा दाखला लागत नाही. पत मात्र कमवावी लागते, आणि ती एकच माप दोन्हीकडं लावल्यानं मिळते.

आपल्या निपाणीनं हे पाहिलंय. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले. पुढे होते शरद जोशी, महाराष्ट्रातले. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. तेव्हा जोशींना "आधी तुमच्या सरकारचं बघा" म्हणायची सोय नव्हती. १९८० सालीच कांद्यासाठी चाकणला आणि कांदा-उसासाठी नाशिककडं ते महाराष्ट्र सरकारच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. तिकडंही गोळ्या झेलणारे शेतकरीच होते. माणूस सरकार बघून गप्प बसत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला दिसलं होतं.

आपल्याला तेवढी पत आहे काय? डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधानसभांनी सीमाप्रश्नावर ठराव केले, आपण आपल्या बाजूच्या ठरावाला टाळ्या वाजवल्या. पण त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या दोन समन्वयक मंत्र्यांचा ठरलेला बेळगाव दौरा रद्द झाला, तेव्हा किती जणांनी खडसावून विचारलं? २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला. तो जूनअखेरीला मागं घ्यावा लागला, कारण तिथली मराठी माणसं आपल्याच सरकारवर तुटून पडली. त्यांनी महाराष्ट्राची बदनामी केली असं आपल्यातलं कुणी म्हणालं नाही. मग जतच्या तात्यांबद्दल बोललं की बदनामी कशी होते? आणि घरचंच बघायचं तर २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, त्यात आपल्या गटबाजीचा वाटा किती, हेही बोलू.

माप आपल्या हातात आधीपासून आहे, नवं शोधायला नको. घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा संघराज्यात वापरातल्या कुठल्याही भाषेत देता येतो. ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायची सोय करायला सांगतं. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं संरक्षणाच्या योजनेत ठरलेलं आहे. यात बेळगाव किंवा जत असं नाव कुठंही नाही. आजीला लागू तेच तात्यांना लागू.

म्हणून माझी एक सूचना आहे. मराठीत परिपत्रकं द्या म्हणून आपण जे निवेदन देतो, त्याच मजकुराचं, त्याच कलमांचं दुसरं निवेदन जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषिकांसाठी महाराष्ट्र सरकारला द्यायचं. त्यानं आपली मागणी दुबळी होत नाही. उलट इथला अधिकारी "तुमच्या महाराष्ट्रात काय चाललंय" म्हणाला, तर पोच घेतलेली प्रत त्याच्या टेबलावर ठेवता येईल.

मास्तर मित्राला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "जतचं निवेदन कन्नडमध्ये मी लिहून देतो."

मी म्हटलं, "आणि आजीच्या पेन्शनचा अर्ज?"

"तो पण मीच लिहितो. मराठीत तुम्ही सांगा."

दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स माझ्याकडून.