गाडी मागच्या सीटवरून पसंत करा



घरात गाडी घ्यायची ठरली की आपल्याला काय विचारतात? रंग. पांढरी घ्यायची की राखाडी, एवढंच. बाकीचं सगळं पुरुषमंडळी ठरवतात. इंजिन किती, अ‍ॅव्हरेज किती, पडदा किती इंचांचा. आणि गाडी दारात आली की पुढच्या सीटवर ते बसतात. मागे लेकरू, डबे, पाण्याची बाटली आणि उलटीची पिशवी घेऊन बसतो आपण. माझं म्हणणं साधं आहे. जी मागे बसणार, तिनं गाडी बघितल्याशिवाय चेक फाडू नये.

हे मला सुचलं ते शहाणपणानं नाही, एका टेंगळानं सुचलं.

आमचा मुलगा पुण्यात असतो. उंची सहा फूट दोन इंच, आमच्या दोन्ही घराण्यांत एवढा उंच कुणी नाही. सून पाच फूट एक. मोठी नात चार वर्षांची आणि धाकटा तेव्हा सात महिन्यांचा. त्यांच्याकडे लग्नाच्या वेळची छोटी गाडी होती. चौघं आणि आम्ही दोघं, असे सहाजण कसेबसे दाटीवाटीनं बसून पुण्याहून सांगलीला येत होतो. धाकटा माझ्या मांडीवर होता. सुनेनं निघताना म्हटलं होतं, "आई, याच्यासाठी चाइल्ड सीट घ्यायला हवी." मी म्हटलं, "अगं, आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कुठली? तुझा नवरा असाच मोठा झाला."

साताऱ्याच्या अलीकडे पुढची जीप एकदम थांबली आणि मुलानं ब्रेक मारला. धडक बसली नाही. पण धाकटा माझ्या हातातून निसटला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टरांनी बघून काही नाही म्हटलं. सून मला एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर मुलानं कागदावर हिशेब मांडून दाखवला. मी बी.कॉम. आहे, आकडा समोर आला की वाद घालत नाही. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण चौदापट जोर येतो. म्हणजे आठ किलोचं पोर त्या क्षणी शंभर किलोच्या वर. पूर्वी घरी धान्याचं क्विंटलचं पोतं यायचं, आठवतं ना? ते पोतं अचानक पुढे फेकलं गेलं तर हातांनी धरून ठेवणारी बाई मला दाखवा. माया कितीही असो, मनगट तेवढंच असतं.

आपण पाणी गाळून पितो, पाऊल टाकताना खाली बघतो. मग मांडीवरच्या लेकराच्या बाबतीत "काही होत नाही" असं कसं म्हणतो, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. आणि कायदाही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत बसवलं तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं करायची ही गोष्ट नाही.

तर नवी गाडी घ्यायची ठरली. आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

लहान बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी लागते. निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि त्या सीटच्या मापात बसत असेल तर त्याहून जास्त काळ. कारण बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी. पाठ पुढच्या बाजूला असली की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. पण अशी सीट आडवी जागा खाते. आणि उंच माणूस गाडी चालवायला बसला की त्याची सीट मागे सरकते. म्हणजे बाप आणि लेक एकाच वीतभर जागेसाठी भांडतात! पुढच्या सीटवर बाळ ठेवावं म्हटलं तर तेही चालत नाही. समोर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड केलेली सीट तिथे कधीच ठेवायची नसते. एअरबॅगचा दणका सरळ सीटच्या पाठीवर बसतो.

पहिल्या शोरूममध्ये मुलगा आणि आमचे हे दोघंच जाऊन आले. खूष होते. सात सीट आहेत म्हणे, सगळे एकत्र जाऊ. दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, सगळे चला, आणि चाइल्ड सीट डिकीत टाका. शिवणाची मोजपट्टी मी पर्समध्ये घेतली. विक्रेता मुलगा जरा हसला, पण नंतर तोच पट्टीचं दुसरं टोक धरायला लागला.

आम्ही ज्या क्रमानं तपासलं तो सांगते.

आधी चालवणारा. मुलाला सीट खाली आणि मागे करून त्याच्या सोयीनं बसवलं. स्टिअरिंग वरखाली होतं, पण पुढेमागे होतं का? उंच माणसाला हेच लागतं. नाहीतर पाय नीट बसावेत म्हणून सीट मागे घेतली की हात पुरत नाहीत, आणि हात पुरावेत म्हणून पुढे घेतली की गुडघे आपटतात. छाती आणि स्टिअरिंग यांत साधारण २५ सेंटीमीटर अंतर हवं. डोकं आणि छत यांत चार बोटं हवीत. एका मॉडेलमध्ये सनरूफ नसताना चार बोटं जागा होती, सनरूफवाल्यात दोनच उरली. कारण सनरूफची चौकट छताच्या आत बसते. डोक्यामागची उशी डोक्याच्या उंचीपर्यंत वर येते का, आणि आतला आरसा नेमका डोळ्यांसमोर येऊन डावीकडचं दिसायचं बंद तर होत नाही, हेही बघितलं. कागदावर गाडीची उंची असते, ती जमिनीपासूनची. बसणाऱ्याच्या डोक्यावर किती जागा आहे ते बसल्याशिवाय कळत नाही.

मग त्याची सीट तिथेच ठेवून मागे बाळाची सीट लावली. पहिल्या गाडीत ती बसलीच नाही. मग ती सुनेच्या सीटमागे लावली. ती लहानखुरी, तिची सीट पुढे घेता येते. हा सगळ्यात सोपा उपाय आहे: उंच माणसामागे मोठं मूल, बुटक्या माणसामागे बाळ. सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक दुसऱ्या रांगेत दोन्ही बाजूंना आहेत का, ते बोटं घालून चाचपून बघितलं.

शेवटी तिसरी रांग. इथे माझी फजिती झाली. बहुतेक गाड्यांत तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेची सीट दुमडावी लागते. आणि तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असली की ती दुमडत नाही. म्हणजे सात सीट असून मागच्या दोघी बाहेरच! मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेल्या गाडीत मधल्या वाटेनं जाता येतं. मी गेले. गुडघे हनुवटीला लागले आणि परत निघताना मला दोघांनी ओढून काढलं. सगळे हसले, मीही हसले. पण सांगली ते पुणे असं बसून जाणं माझ्याच्यानं होणार नाही हे तिथेच कळलं.

आणि तिन्ही रांगा उघड्या असताना डिकी किती उरते? रेनॉ ट्रायबरमध्ये ८४ लिटर, मारुती एर्टिगात २०९, किया कॅरेन्समध्ये २१६. आपल्या घरचं सामान तुम्हाला ठाऊक आहे. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून डबे, गाळलेलं पाणी, बाळाची पिशवी. ८४ लिटरमध्ये दोन पिशव्या राहतील फार तर. तिसरी रांग काढली किंवा मिटली की मात्र भरपूर जागा होते. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर तोही हिशेब धरा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, तेही बघा. याच तीन गाड्यांत ते अनुक्रमे २६३६, २७४० आणि २७८० मिलिमीटर आहे. दिसायला फरक बोटभराचा, पण उंच ड्रायव्हर आणि बाळाची सीट यांच्यात बोटंच मोजायची असतात.

पैशाचंही बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे लांबी वाढली की कर दुपटीच्या वर. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के रस्ता कर, आणि विमा. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापतात, तो मात्र आयकराच्या विवरणात वळता करून मिळतो, विसरू नका. हे सगळं मांडून मग ठरवायचं की लांबी हवी का. आमच्या घरात सहा फूट दोन इंच आहे, आम्हाला हवी होती. तुमच्या घरात सगळे साडेपाच फुटांच्या आत असतील तर छोटी गाडीच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली चाइल्ड सीट घ्या.

आणखी एक प्रश्न मी विचारला, तोही तुम्ही विचारा: सीटचं आणि स्टिअरिंगचं आवरण खऱ्या कातड्याचं आहे की कृत्रिम? सीट बहुधा कृत्रिम निघतात, पण स्टिअरिंगवर खरं कातडं असू शकतं. लेखी विचारून घ्या.

आम्ही शेवटी मधल्या सीट पुढेमागे सरकणारी मोठी गाडी घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या घरातली उंची वेगळी आणि लेकरांची वयं वेगळी. एरवी तिसरी रांग मिटलेली असते, मधल्या सीट मागे घेतलेल्या असतात, आणि मुलाचे पाय, बाळाची सीट, सामान, सगळं मावतं. सगळ्यांनी मिळून कुंभोज बाहुबलीला जायचं असेल तेव्हा हे पुढे बसतात, आणि सून आणि मी तिसऱ्या रांगेत. तेवढ्या वाटेला चालतं. पुण्याला जायचं तर आम्ही दोघं रेल्वेनं जातो.

हे मान्य करायला मला वेळ लागला. "सगळे एका गाडीत" ही माझीच हौस होती, आणि त्या हौसेपायीच बाळ माझ्या मांडीवर आलं होतं. वर्षातल्या दहा दिवसांसाठी गाडी घ्यायची नाही, उरलेल्या दिवसांसाठी घ्यायची, हे गाडी निवडण्यातलं खरं गणित आहे. आणि आजीनं कुठे बसायचं, यापेक्षा नातवानं कुठे बसायचं हे आधी ठरवायचं.

परवा धाकट्याला सीटमध्ये बांधताना तो माझ्याकडे हात पसरून रडला. घेऊ का, असं मनात आलंच. नाही घेतला. त्याच्या हातात लाकडी खुळखुळा दिला आणि शेजारचं दार लावलं. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत त्याचं रडणं थांबलं होतं, असं सुनेनं नंतर फोनवर सांगितलं.

तेव्हा मैत्रिणींनो, रंग त्यांना ठरवू दे. तुम्ही मोजपट्टी घ्या, लेकरं घ्या, आणि आधी मागे जाऊन बसा.