आपले सेवापुस्तक आपणच लिहावे

सरकारी कचेरीत माणूस रुजू झाला की त्याच्या नावाने एक पुस्तक उघडले जाते. त्याला सेवापुस्तक म्हणतात. जन्मतारीख, शिक्षण, रुजू दिनांक, वेतनवाढ, रजा, बदली, पदोन्नती, सारे त्यात नोंदले जाते. साहेब बदलतो, सरकार बदलते, पण नोंद राहते. आमच्या पिढीतल्या कितीतरी बांधवांनी या पुस्तकाच्या, ज्येष्ठता यादीच्या आणि बिंदुनामावलीच्या आधाराने घर उभे केले, भावंडांना शिकवले. अन्याय तिथेही झाला. गोपनीय अहवालात मुद्दाम खालचा शेरा मारून अनेकांची पदोन्नती अडवली गेली. परंतु त्या शेऱ्याविरुद्ध लेखी दाद मागण्याची वाट तरी होती.

आता आपल्या वस्त्यांतली मुले-मुली सॉफ्टवेअर कंपन्यांत जाऊ लागली आहेत. हिंजवडी, खराडी, ऐरोली ही नावे आपल्या घरांत रोजची झाली आहेत. आई-वडील अभिमानाने सांगतात, "पोरगा आयटीत लागला." नेमक्या कोणत्या कामावर लागला, पुढची पायरी कोणती, असे विचारले तर उत्तर नसते. यात आई-वडिलांचा दोष नाही. ज्या घरात हे काम कोणी केलेच नाही, त्या घराला ते कोण सांगणार? म्हणून या वेळी आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

हा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. टीसीएस ही कंपनी १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ साली बंगळूरला गेली. पर्सिस्टंट ही कंपनी १९९० साली पुण्यातच निघाली. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर हा धंदा झपाट्याने वाढला आणि त्याच काळात सरकारी भरती आटत गेली. राज्यघटनेच्या १६ व्या कलमातील आरक्षण राज्याच्या सेवांना लागू आहे. खासगी कंपनीला ते लागू नाही. म्हणजे जिथे आपल्याला हक्काचे दार होते तिथल्या जागा कमी झाल्या, आणि जिथे जागा वाढल्या तिथे बिंदुनामावलीही नाही आणि सेवापुस्तकही नाही. आजच्या मुलांचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

प्रथम या नोकरीची शिडी समजून घेऊ. नवा मुलगा बहुधा प्रशिक्षणार्थी म्हणून लागतो. काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्याला एखाद्या प्रकल्पावर पाठवतात. प्रकल्प मिळेपर्यंतच्या काळाला 'बेंच'वर असणे म्हणतात. पगार चालू असतो, पण काम नसते. तो काळ लांबला तर नोकरी धोक्यात येते. पुढे अभियंता, वरिष्ठ अभियंता, टीम लीड अशा पायऱ्या येतात. तिथून दोन वाटा फुटतात. एक माणसे सांभाळण्याची, मॅनेजरची. दुसरी तांत्रिक, आर्किटेक्टची. पायऱ्यांची नावे कंपनीगणिक बदलतात. परंतु एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. केवळ वर्षे भरली म्हणून इथे कोणी वर चढत नाही.

कामाचेही प्रकार आहेत. कोणी नवीन प्रोग्राम लिहितो, त्याला डेव्हलपमेंट म्हणतात. कोणी तो तपासतो, ते टेस्टिंग. कोणी चालू असलेल्या यंत्रणेवर रात्रंदिवस लक्ष ठेवतो, ते सपोर्ट. कोणतेही काम हलके नाही. पण पाच वर्षे फक्त तक्रारी नोंदवून पुढे पाठवण्याचे काम केले, तर बाजारात त्या अनुभवाची किंमत कमी होते. तसल्या ठराविक कामाचा बराच भाग आता यंत्रेच करू लागली आहेत.

गिरणीत राबलेल्या घरांना हे लगेच कळेल. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना काम मिळत होते, पण साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो अशी सबब होती. पगार मात्र त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेतही त्यांनी सांगितले, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. नुसता गिरणीत प्रवेश मिळून भागत नाही, कोणत्या खात्यात जागा मिळाली तेही पाहावे लागते. सॉफ्टवेअर कंपनीतले साचाखाते कोणते, हे प्रत्येक मुलाने पहिल्या वर्षातच ओळखले पाहिजे.

कोणी म्हणेल, संगणकाला जात कळत नाही. खरे आहे. संगणकाला कळत नाही, पण संगणकापुढे बसलेल्या माणसांना कळते. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेला, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा दिल्लीतला अभ्यास थोडे वेगळे सांगतो. सॉफ्टवेअरच्या जागांसाठी बोलावताना आडनावाने विशेष फरक पडला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी मात्र सवर्ण आणि इतर मागासवर्गीय आडनावांत फरक दिसून आला.

या दोन अभ्यासांतून आम्ही असा अर्थ काढतो. जिथे कौशल्य मोजता येते, तिथे दार थोडे उघडते. जिथे बोलणे-चालणे, 'आपल्यातला वाटणे' यावर निवड होते, तिथे जात हळूच आत येते. आता कंपनीच्या आत काय चालते ते पाहा. चांगला प्रकल्प कोणाला द्यायचा, परदेशी कोणाला पाठवायचे, वर्षअखेरचे रेटिंग किती द्यायचे, हे बरेचसे मॅनेजरच्या मतावर ठरते. ते मत चहाच्या टपरीवर आणि जेवणाच्या टेबलावर तयार होते. "पूर्ण नाव काय? गाव कुठले? प्रवेश कोट्यातून का?" असे प्रश्न तिथेच येतात. आपला मुलगा मग डबा घेऊन एकटा बसतो, आडनाव आखडते घेतो, शंका असली तरी विचारत नाही. 'याला काही येत नाही' असा शिक्का बसेल ही त्याला भीती. आणि न विचारल्यामुळे काम अडते, तेव्हा तोच शिक्का बसतो.

परदेशात गेले म्हणजे हे संपते असेही नाही. २०२० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या बड्या कंपनीवर दावा केला. एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ साली राज्याने त्या दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले. लढाई चालू आहे, एवढे यातून कळते.

मग आपल्या मुलांनी काय करावे? आमचे सांगणे एकच आहे. कंपनी सेवापुस्तक ठेवत नाही, तर आपले सेवापुस्तक आपणच लिहावे. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि तिचे चार भाग करावेत.

पहिला भाग कागदपत्रांचा. नेमणूकपत्र, पगारपत्रके, वेतनवाढीची पत्रे, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, यांची यादी आणि प्रती घरी ठेवाव्यात. बाँड असल्यास सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावा. किती वर्षांचा, किती रकमेचा, हे लिहून ठेवावे. 'बाँडला काही अर्थ नसतो' या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. वाजवी रकमेचा बाँड २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात ग्राह्य धरला आहे. नोकरी देतो म्हणून जो पैसे मागतो त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

दुसरा भाग कामाचा. दर शनिवारी पाच ओळी. या आठवड्यात कोणते काम मिळाले, कोणती अडचण आली, ती कशी सुटली, किती वेळ वाचला, नवीन काय शिकलो. मात्र कंपनीचा प्रोग्राम किंवा ग्राहकाची माहिती वहीत वा घरच्या संगणकात कधीही घेऊ नये. तो गुन्हा ठरू शकतो. आपल्या शब्दांत आपले काम लिहावे.

तिसरा भाग मोजमापाचा. वर्षाच्या सुरुवातीला मॅनेजरला विचारावे, "माझ्याकडून या वर्षी काय अपेक्षा आहे?" जे ठरेल ते त्याच दिवशी नम्रपणे ईमेलने त्यांना कळवावे. वर्षअखेरीस रेटिंग कमी आले तर कारण लेखी मागावे. तोंडी मताला लेखी नोंदीसमोर उभे करणे, हे आपण कचेऱ्यांत शिकलो. तेच इथे उपयोगी पडते.

चौथा भाग अवमानाचा. हा भाग कोरा राहो. पण जातीवरून कोणी टोमणा मारला तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहावीत. चारचौघांसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा खासगी कंपनीतही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हे आपल्या लेकींना ठाऊक पाहिजे.

आमच्या विहारात येणाऱ्या एका मुलीचे उदाहरण देतो. ती तीन वर्षे रात्रपाळीत सपोर्टच्या कामावर होती. रेटिंग दरवर्षी मधलेच. तिने नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोणता बिघाड पुन्हा पुन्हा येतो हे वहीतूनच तिच्या ध्यानात आले, आणि रोजची तपासणी आपोआप करणारा एक छोटा प्रोग्राम तिने लिहिला. त्या कंपनीत तिचे रेटिंग तरीही बदलले नाही. पण दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत तिला नेमके हेच विचारले गेले, आणि तिने तारखेसह सांगितले. आज ती डेव्हलपमेंटमध्ये आहे. नोंदीने अन्याय थांबलाच असे नाही, पण तिची मेहनत वाया गेली नाही.

आता आई-वडिलांशी दोन शब्द. वर्षाला साडेतीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला २९ हजार हातात, असा हिशेब करू नका. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि कधी कधी कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. हातात काही हजार कमीच येतात. पहिल्या पगारावर फ्लॅटचे कर्ज, मोठे लग्न, भारी मोटारसायकल यांचा बोजा टाकू नका. ही नोकरी कायमची नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीनेही सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात मधल्या व वरच्या जागांवरची माणसे जास्त होती. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबा. मुलगा बेंचवर असेल तर त्याला आळशी म्हणू नका. त्या दिवसांत तो शिकतो आहे ना, एवढे पाहा. रात्री दोन तास त्याला शिकायला शांत जागा द्या. दहा बाय बाराच्या खोलीत ते सोपे नाही, आम्ही जाणतो. पण आपल्या आई-वडिलांनी टीव्ही बंद करून, कंदिलाची वात मोठी करून आपल्याला शिकवले, ते याहून सोपे नव्हते.

शेवटी एक काम आपल्या सर्वांचे. दुसऱ्या समाजातल्या मुलाला काका असतो, मामा असतो, तो फोनवर सांगतो कोणता प्रकल्प घे, कोणता सोडून दे. आपल्या मुलाला तो मामा नाही. तो आपणच उभा केला पाहिजे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, विहारात सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या मुला-मुलींनी एक तास बसावे. पाच वर्षे झालेल्याने पहिल्या वर्षातल्याची वही पाहावी, मुलाखतीचा सराव घ्यावा. नुकत्याच पास झालेल्यांनी ऐकावे आणि बिनधास्त शंका विचाराव्यात. विहारात प्रश्न विचारायला शिकलेला मुलगा कंपनीतही हात वर करील.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. काचेच्या इमारतीत बसला, गळ्यात ओळखपत्र आले, तरी आपला मुलगा कामगारच आहे. कामगाराने आपल्या श्रमाचा हिशेब स्वतः ठेवावा. येत्या शनिवारी पहिली पाच ओळींची नोंद करा, आणि रविवारी ती वही घेऊन विहारात या.

जयभीम!