पिंजऱ्यातली शेळी, बांधावरची कोंबडी

दिंडोरी तालुक्यात कादवाकाठी ऊसतोड सुरू झाली, की बिबट्या वस्तीकडे सरकतो आणि गावोगाव एकच ओरड होते, पिंजरा लावा! वनखाते पिंजरा लावते, आतल्या कप्प्यात शेळी ठेवते. पुढे? तिच्या चारापाण्याकडे कुणी बघत नाही. बघ्यांची गर्दी मात्र हटत नाही. मग बिबट्या फिरकेल कशाला?

शेतकरी बंधूंनो, त्याला याहून सोपे सावज आपणच मांडून ठेवतो. बांधावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, उघड्यावर टाकलेली जनावरे, त्यावर पोसलेली मोकाट कुत्री! मेलेले जनावर खोल खड्ड्यात पुरले जाते की नाही, हे ग्रामपंचायतीने बघावे. आणि स्वतः फास लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय त्यात आपलेच वासरू अडकायचे. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.